जंतू मेले, तरी ताप का? जिवाणूंच्या पुटिका आणि शरीरातला दाह

सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात एक सूनबाई आपल्या सासूबाईंची फाइल घेऊन आल्या. आजी बहात्तर वर्षांच्या, मधुमेह जुना. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत चढला म्हणून रुग्णालयात दाखल केलेल्या. इंजेक्शनांचा तिसरा दिवस होता. सूनबाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर लघवीचं नवं कल्चर होतं, 'जंतूंची वाढ नाही'. दुसऱ्यावर सीआरपी, शंभराच्या वर. "डॉक्टर, जंतू गेलेत म्हणतात, मग ताप कसला? आणि हा आकडा एवढा कसा? दोन्हीपैकी एक रिपोर्ट नक्की चुकलाय."

दोन्ही रिपोर्ट बरोबर होते. कल्चर सांगतं की या नमुन्यात वाढू शकणारे जिवंत जंतू सापडले नाहीत. सीआरपी सांगतो की शरीर अजून लढाईच्या पवित्र्यात आहे. या दोन गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात, आणि त्या कशा, हे समजलं तर तापाच्या त्या दोन-तीन दिवसांत घरच्यांचा जीव जरा कमी टांगणीला लागतो. शिवाय कधी थांबायचं आणि कधी धावायचं, हेही कळतं.

दाह म्हणजे काय

बोटाला काटा लागला की ते लाल होतं, गरम होतं, सुजतं आणि ठणकतं. यालाच दाह म्हणतात. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धावतात. हे काम आपलंच शरीर करतं, काटा नव्हे. बोटापुरता दाह उपकारक असतो. तोच सगळ्या शरीरात एकदम पेटला तर रक्तदाब खाली येतो, किडनी आणि फुप्फुसं थकतात. त्या अवस्थेला आम्ही सेप्सिस म्हणतो. सेप्सिसमध्ये माणसाचा जीव धोक्यात येतो तो जंतूंमुळे जेवढा, तेवढाच शरीराच्या बेताल झालेल्या प्रतिसादामुळे.

आता प्रश्न असा की पांढऱ्या पेशींना 'जंतू आला' हे कळतं कसं? पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की जंतू आणि पेशी समोरासमोर येतात, पेशी जंतूला गिळते आणि मग आरडाओरड करते. ते खरंच आहे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. जंतू स्वतः पोहोचला नाही तरी त्याचा माल पोहोचतो.

जिवाणू पुड्या सोडतात

वाण्याच्या दुकानात पूर्वी हिंग-जिरं कागदाच्या पुडीत बांधून मिळायचं. जिवाणूही तसंच काहीसं करतात. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा जबाबदार असणारा ई. कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला, पटकीचा म्हणजे कॉलराचा व्हिब्रिओ या जिवाणूंना दोन आवरणं असतात. त्यातलं बाहेरचं आवरण जागोजागी फुगतं, त्याचा फुगवटा मानेशी आवळला जातो आणि सुटा होऊन बाहेर पडतो. या सुट्या झालेल्या पिशवीला पेशीबाह्य पुटिका म्हणतात. पुटिका म्हणजे बारीकशी पिशवी. मी रुग्णांना पुडीच म्हणतो.

या पुड्या साधारण २० ते २५० नॅनोमीटरच्या असतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जिवाणू स्वतः एक-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, तेव्हा पुडी त्याच्या चौथ्या हिश्श्याची किंवा त्याहूनही लहान. पॅथॉलॉजी लॅबमधल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

ती पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांत आपल्या देशातले संशोधक होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कोलकात्यात एस. एन. चटर्जी आणि जे. दास यांनी कॉलराचा जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याच्या आवरणाला फुगवटे येऊन ते सुटे होताना टिपले. १९६७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ई. कोलायबद्दल असंच दिसून आलं होतं. तरीही पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी त्याला जिवाणूचा कचरा समजून सोडून दिलं. ज्यांच्या भोवती एकच आवरण आणि त्यावर जाड भिंत असते अशा जिवाणूंकडून पुड्या सुटूच शकत नाहीत, असंही मानलं जाई. २००९ मध्ये गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियससुद्धा त्या सोडतो हे दाखवलं गेलं आणि तोही समज गेला.

पुडीत काय असतं? जिवाणूची प्रथिनं, विकरं, काही जातींत विष, डीएनए-आरएनएचे तुकडे. आणि पुडीच्या कागदावरच, म्हणजे आवरणावर, एक पदार्थ ठासून भरलेला असतो, लायपोपॉलिसॅकराइड. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे एलपीएस म्हणू. याचंच जुनं नाव एंडोटॉक्सिन. कॉलराचे मेलेले जंतूही गिनिपिगला मारतात हे पाहून जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली होती. आपल्या पांढऱ्या पेशींना एलपीएस अगदी नगण्य प्रमाणातही कळतं. माणूस या बाबतीत उंदरापेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील आहे.

जिवाणूला यातून काय मिळतं? बरंच काही. बिघडलेली प्रथिनं बाहेर टाकता येतात. शेजारच्या जंतूंशी देवाणघेवाण होते. आणि पुडी ढालही बनते. अँटिबायोटिक किंवा प्रतिपिंडं तिच्यावर जाऊन खर्ची पडतात, मूळ जंतू मागे सुरक्षित राहतो. काही जिवाणू पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोडणारी विकरं याच पुड्यांत भरून पाठवतात, आणि त्यांच्या आडोशाला एरवी त्या औषधाने मेले असते असे दुसरे जंतूही वाचतात.

मेलेल्या जंतूंचा ताप, १८९७

मेलेले जंतू ताप आणतात हे महाराष्ट्राने शंभरावर वर्षांपूर्वी अंगावर घेऊन पाहिलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात थैमान झालं. पेठा ओस पडल्या, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. रँडची कारकीर्द आणि त्याचा वध आपण शाळेत शिकतो. लशीची गोष्ट मात्र राहून जाते.

मुंबईला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाच्या रश्श्यात, वर तुपाचे थेंब सोडून, प्लेगचे जंतू वाढवले. मग ते भांडं सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तासभर तापवून जंतू मारले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ते द्रावण आधी स्वतःला टोचून घेतलं. ताप आला, टोचल्या जागी दुखलं. पुढे ज्यांनी ही लस घेतली त्यांनाही एक-दोन दिवस ताप यायचा, आणि तो येणार हे गृहीतच असायचं. त्या सुईत एकही जिवंत जंतू नव्हता.

मला यातला एक बारकावा फार आवडतो. हाफकिन यांनी मेलेले जंतू गाळून वेगळे केले नाहीत. ज्या रश्श्यात ते वाढले तो द्रवही लशीत ठेवला, कारण जंतूंनी बाहेर टाकलेले पदार्थही शरीराला ओळखीचे व्हायला हवेत असं त्यांचं म्हणणं होतं. पुटिका हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. प्लेगचा जंतू पुड्या सोडतो हे आता दाखवलं गेलं आहे, आणि ७० अंशांच्या उष्णतेने एलपीएस नष्ट होत नाही हेही आपल्याला माहीत आहे. परळची हाफकिन संस्था ही त्याच प्रयोगशाळेची पुढची पिढी.

देवडी आणि माजघर

आता पुडी पांढऱ्या पेशीजवळ पोहोचल्यावर काय होतं ते पाहू. पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजातून आत शिरलं की बाजूला देवडी असते, पहारेकऱ्याची जागा. त्यापुढे चौक, आणि आत खोल माजघर.

आपल्या भक्षक पेशींना, ज्यांना मॅक्रोफेज म्हणतात, अशी एक देवडी असते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर टीएलआर-४ नावाचा पहारेकरी बसलेला असतो आणि त्याला एलपीएसची नेमकी ओळख असते. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये हे उंदरांत सिद्ध केलं. २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता तो यासाठी. पुडी देवडीशी आली की पहारेकरी ओरडतो, पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातो आणि पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी संदेशवाहक प्रथिनं रक्तात सोडते. हा निरोप मेंदूत पोहोचला की तिथला थर्मोस्टॅट वर सरकतो. तोच ताप. यकृतात पोहोचला की यकृत सीआरपी बनवू लागतं. तुमच्या रिपोर्टवर दिसतो तो आकडा म्हणजे जंतूंची शिरगणती नाही. यकृताला किती जोरात हाका मारल्या गेल्या, त्याची ती नोंद आहे.

एवढ्यावर थांबलं तर बरं. पण पुडीला आणखी एक गोष्ट जमते, जी सुट्या एलपीएसला सहसा जमत नाही. पेशी तिला अन्नकणासारखी आत ओढून घेते. आत गेल्यावर तिच्यातलं एलपीएस पेशीच्या गाभ्यातल्या द्रवात झिरपतं. म्हणजे परका माणूस चौकात नव्हे, थेट माजघरात उभा राहिला. घराने काय समजायचं? की भिंत फोडून कुणीतरी आत शिरलंय.

माजघरातला पहारेकरी वेगळा आहे. माणसात त्याचं नाव कॅस्पेज-४, उंदरात कॅस्पेज-११. तो एलपीएसला स्वतः धरतो आणि गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन कापतो. कापलेले तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. त्या भोकांतून इंटरल्युकिन-१ बीटा हे आणखी जहाल संदेशवाहक बाहेर सांडतं, पेशी पाणी शोषून फुगते आणि फुटते. पेशी शांतपणे मरत नाही, घराला आग लावून मरते. आजूबाजूच्या पेशींना त्याची झळ लागते, रक्त गोठवणारी यंत्रणाही जागी होते.

पुड्यांचा यातला हात २०१६ मध्ये स्पष्ट झाला. शिवप्रिया कैलासन वनजा आणि विजय रथिनम यांच्या गटाने अमेरिकेत दाखवलं की ई. कोलाय पेशीत शिरत नसतानाही त्याच्या पुड्या एलपीएस आत पोहोचवतात, आणि कमी पुड्या सोडणारा ई. कोलाय हा आतला गजर कमी वाजवतो. आधीच्या प्रयोगांतून हेही कळलं होतं की ज्या उंदरांत कॅस्पेज-११ नसतं, ते एलपीएसच्या मोठ्या मात्रेनंतरही बरेचदा वाचतात. म्हणजे जीव घेण्यात या आतल्या गजराचा वाटा मोठा.

हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. तुमच्या घरच्या रुग्णाच्या रक्तात किती पुड्या फिरताहेत हे मोजण्याची चाचणी आज रुग्णालयात केली जात नाही. कुणी तशी चाचणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. तसंच, सौंदर्य उपचारांच्या जाहिरातींत हल्ली 'एक्सोसोम' हा शब्द दिसतो. त्या माणसाच्या किंवा इतर सजीवांच्या पेशींपासून काढलेल्या पुटिका असतात. त्यांचा या विषयाशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.

मग अँटिबायोटिक कशाला?

हा प्रश्न सूनबाईंनीही विचारला. जंतू मेल्यावरही त्रास होणारच असेल, तर एवढी महागडी इंजेक्शनं कशासाठी?

कारखाना बंद करण्यासाठी. जंतू जिवंत आहे तोवर तो दुप्पट, चौपट होत राहणार आणि प्रत्येक जण पुड्या सोडत राहणार. अँटिबायोटिक तो पुरवठा तोडतं. आधीच बाहेर पडलेला माल आणि मेलेल्या जंतूंची आवरणं निस्तरायला मात्र यकृताला आणि भक्षक पेशींना वेळ लागतो. म्हणून किडनीच्या संसर्गात योग्य औषध सुरू झाल्यावरही ४८ ते ७२ तास ताप राहू शकतो. टायफॉइडमध्ये तर चार-पाच दिवस लागणं नेहमीचं आहे. नवं सीआरपी बनणं थांबलं तर रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं, त्यामुळे तोही आकडा एका रात्रीत शून्यावर येत नाही. ईएसआर तर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तो रोज करून घेण्यात काही अर्थ नसतो.

क्वचित पहिल्या डोसनंतर काही तासांत ताप उलट वाढतो, हुडहुडी भरते. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दिसणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये हे होऊ शकतं. जंतू एकदम फुटून त्यांचे तुकडे रक्तात आल्याचा तो परिणाम असतो. घरचे म्हणतात, "औषध लागू पडलं नाही" किंवा "ॲलर्जी आली". ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वास अडकतो, आणि ते बहुधा मिनिटांत होतं. पण हा फरक करण्याची जबाबदारी तुमची नाही. नर्सला लगेच सांगा, त्या तपासतील.

याच्याशीच जोडलेली माझी एक तक्रार आहे. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गावाकडून आलेली हजारो मुलंमुली राहतात. कॉट बेसिसवर खोली, मेसचं जेवण, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत. ताप आला की दवाखान्यात जायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत, म्हणून मित्राच्या उरलेल्या गोळ्या किंवा मेडिकलमधून दोन दिवसांचं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, गोळ्या बंद. आठवड्याने पुन्हा ताप, आणि मग ते माझ्यासमोर बसतात. अर्धवट डोसने दोन नुकसानं होतात. एक, नंतर केलेल्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाही, आणि कोणतं औषध चालेल हे कळायची संधी जाते. दुसरं, मरायला न पुरेल एवढ्या औषधाच्या ताणाखाली काही जिवाणू अधिक पुड्या सोडतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात अशी राहत असेल, तर फोनवर 'गोळी घेतलीस का' याच्या आधी 'रक्त तपासलंस का' हे विचारा.

पॅरासिटामॉलबद्दलही एक गैरसमज आहे. ते मेंदूतला थर्मोस्टॅट खाली आणतं, एवढंच. ताप ९८ वर आला म्हणजे संसर्ग उतरला असं नाही. आणि 'सूज उतरायची गोळी' म्हणून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड घेऊ नका. संसर्गाने आधीच ताणलेल्या किडनीला वेदनाशामकांचा फटका बसतो. स्टेरॉइड कधी द्यायचं हे अतिदक्षता विभागातले डॉक्टर रक्तदाब पाहून ठरवतात.

सलाईनने थंडी भरते तेव्हा

पुड्यांचा आणि एलपीएसचा अनुभव तुमच्यापैकी काहींनी वेगळ्याच वाटेने घेतला असेल. सलाईन लावल्यावर अर्ध्या-एक तासात दात वाजू लागतात, अंग थरथरतं, वर तीन-तीन पांघरुणं. लोक म्हणतात, "सलाईन थंड होतं". थंड द्रवाने थोडं गार वाटेल, पण अशी हुडहुडी आणि मागोमाग ताप आला तर द्रवात किंवा नळीत जंतूंचे अवशेष असण्याची शक्यता असते. बाटली उकळत्या वाफेवर निर्जंतुक केलेली असली तरी. कारण वाफेने जंतू मरतो, एलपीएस टिकतं. बारीक गाळणीतून द्रव गाळला तर जंतू अडकतो, पुडी निसटते. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२० च्या दशकात हे कोडं उलगडलं. इंजेक्शननंतर येणारा ताप ऊर्ध्वपातित पाण्यात शिरलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे येतो, असं त्यांना सापडलं. आता इंजेक्शनचं पाणी आणि सलाईन यांची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी चाचणी करावी लागते. डायलिसिसच्या पाण्यालाही हीच कसोटी असते.

असं झालं तर नर्सला हाक मारा, त्या सलाईन थांबवतील. बाटली आणि नळी फेकून द्यायला लावू नका, बॅच नंबरसह ती बाजूला ठेवायला सांगा. आणि नुसत्या अशक्तपणासाठी 'एक सलाईन लावून टाका डॉक्टर' हा आग्रह सोडा. तोंडाने पाणी जात असेल तर ताक-सरबत पुष्कळ झालं.

थांबायचं कधी, धावायचं कधी

आजींच्या बाबतीत आम्ही काय पाहिलं ते सांगतो. नाडी आदल्या दिवशीपेक्षा कमी होती. रक्तदाब टिकून होता. लघवी पुरेशी होत होती. ताप येत होता, पण दोन तापांमधलं अंतर वाढलं होतं. आजी सुनेला नावाने हाक मारत होत्या आणि चहात साखर नाही म्हणून कुरकुरत होत्या. हे सगळं सीआरपीपेक्षा मोलाचं. तरीही ७२ तास भरत आले होते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. मूत्रमार्गात खडा अडकलेला असेल किंवा किडनीत पू साठला असेल, तर तिथे औषध नीट पोहोचत नाही आणि कारखाना चालूच राहतो. आजींना तसं काही नव्हतं.

घरी असलेल्या रुग्णाबाबत मात्र खालीलपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. बोलणं असंबद्ध होणं, माणसं न ओळखणं किंवा गुंगीत जाणं. बसल्या जागी धाप लागणं. दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं. हातपाय गार पडून त्वचेवर जांभळट चट्टे दिसणं. दातखीळ बसेल अशी थंडी वारंवार भरणं. वयस्कर माणसांत, मधुमेहींमध्ये, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांमध्ये ताप नसतानाही सेप्सिस होऊ शकतो. 'अंग तर गार आहे' यावर विसंबू नका, आजोबा सकाळपासून 'वेगळेच वागताहेत' हेच पहिलं लक्षण असू शकतं. १०८ ला फोन करा. पेठेतल्या गल्लीत रुग्णवाहिका आत येणार नसेल तर कोपऱ्यापर्यंत खुर्चीत बसवून न्या, जिना चालवत उतरवू नका. सोबत आधीचे रिपोर्ट आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या, मेडिकलमधून आणलेली आणि शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. ती लपवली की उपचार चुकतात.

रोजच्या जगण्यातही पुड्या काम करत असतात. हिरड्यांच्या जुनाट आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू प्रथिनं कातरणारी विकरं पुड्यांत भरून हिरडीच्या ऊतींत पाठवतो. दात घासताना रक्त येणं म्हणजे 'उष्णता झाली' असं समजून सोडून देऊ नका, विशेषतः मधुमेह असेल तर. हिरड्यांचे उपचार झाले की साखरही थोडी आटोक्यात येते असं आढळलं आहे. आणि सगळ्याच पुड्या वाईट नसतात. आतड्यातला बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस असा माल पाठवतो की उंदरांत आतड्याचा दाह शमतो.

यावर औषध आहे का

देवडीवरच्या पहारेकऱ्याचं तोंड बंद करावं, ही कल्पना साहजिक होती. टीएलआर-४ अडवणारं एरिटोरान नावाचं औषध सुमारे दोन हजार सेप्सिसच्या रुग्णांवर तपासलं गेलं. २०१३ मध्ये निकाल आला, मृत्यूचं प्रमाण कमी झालं नव्हतं. त्याची कारणं अनेक सांगता येतील. माझ्या मते दोन मोठी. रुग्ण येतो तोवर आरडाओरड होऊन गेलेली असते, आणि देवडी बंद केली तरी माजघरातला गजर वेगळाच आहे. आता कॅस्पेज-४ आणि गॅसडर्मिनला अडवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते रुग्णाच्या खाटेपर्यंत आलेले नाहीत.

दुसऱ्या वाटेने मात्र पुड्या कामाला लावून झाल्या आहेत. लस म्हणून. न्यूझीलंडमध्ये बी गटाच्या मेनिंजायटिसची साथ हटेना तेव्हा २००४ पासून तिथल्या मुलांना आणि तरुणांना त्याच जंतूच्या पुटिकांपासून केलेली लस दिली गेली. पुड्यांवरचं बहुतेक एलपीएस आधी धुऊन काढलेलं होतं, नाहीतर हाफकिन यांच्या सुईसारखा ताप सगळ्यांनाच आला असता. पुढे त्याच लशीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. लस घेतलेल्यांमध्ये गनोरिया सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही जंतू चुलत भाऊ आहेत, पुड्यांवरची प्रथिनं बरीचशी सारखी. याच पुटिका वापरून केलेल्या लशीला युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

आजींचा ताप पाचव्या दिवशी उतरला. सीआरपी सातव्या दिवशीही पूर्ण खाली आलेला नव्हता, पण उतरता होता. इंजेक्शनांचा कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करायचं का, असं सूनबाईंनी विचारलं. लक्षणं नसतील तर नको, असं मी सांगितलं. लघवीला जळजळ, कमरेत दुखणं किंवा पुन्हा थंडी, यातलं काही आलं तर मात्र गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा. फाइल बंद करताना त्यांनी मागच्या पानावर तेवढं एकच लिहून घेतलं : गोळी नंतर, नमुना आधी.